अपंग पित्याचे वेतन आणि मुलांची पोटगी

मोखाडे आणि जव्हार या दोन तालुक्यांतील कष्टकरी माणसाची मत्ता कोणती असे कोणी विचारले, तर ती त्याच्या दोन दंडांत आहे असेच उत्तर द्यावे लागते. भात आणि नागली घरात आली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा घाट चढतात. अशा संसारातील कर्त्या पुरुषाचा हात कोपरापासून गेला किंवा पाय कायमचा निकामी झाला, म्हणजे ती मत्ताच गेली. त्यातच नवराबायकोचे फाटलेले असून मुले आईबरोबर तिच्या माहेरच्या पाड्यावर राहत असली, तर एक अवघड प्रश्न उभा राहतो. बापाने मुलांस पोसावे हे सर्वांस मान्य आहे. परंतु ज्याची कमाईच थांबली त्याने कशातून पोसावे? आणि अपंगत्वाबद्दल त्यास सरकारातून, मालकाकडून अथवा विम्याच्या फंडातून जे काही मिळते, त्यावर मुलांचा हक्क पोचतो, की तो पैसा एकट्या त्याच्या देहाचा समजावयाचा? हा प्रश्न वरवर पाहता वकिलांच्या टिपणातला वाटेल. पण आमच्या समाजास तो फार पूर्वीपासून पडत आला आहे, आणि त्याची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी मिळाली आहेत.

आमच्या धर्मशास्त्राचे उत्तर आजच्या वाचकास प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते. याज्ञवल्क्याने आणि त्याच्यावर बाराव्या शतकाच्या आरंभी 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने आंधळा, पांगळा, वेडा, असाध्य रोगाने ग्रासलेला इत्यादींस वडिलोपार्जित धनाचा वाटा नाकारला. त्यांस अन्नवस्त्र मात्र जन्मभर द्यावे असे सांगितले. उत्तर कोकणात मिताक्षरेहून ज्याचे वजन अधिक मानले जाई तो नीलकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख'ही याच परंपरेतला. परंतु या निष्ठुर नियमाच्या पोटात एक गोष्ट अशी आहे की तिजकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बाप पांगळा म्हणून वाट्यास मुकला, तरी त्याचा निर्दोष पुत्र मुकत नसे. बापाचा भाग तो घेई. मुलींचे पोषण त्यांच्या विवाहापर्यंत कुटुंबाने करावे असेही शास्त्र सांगे. म्हणजे बापाच्या व्यंगाने मुलाचा हक्क बुडत नाही, तो बापाला ओलांडून थेट मुलापर्यंत येतो, एवढे तत्त्व या शास्त्रकारांस पटलेले होते. बापावरचा अन्याय १९२८ च्या कायद्याने, जन्मजात वेड व जडबुद्धी हे अपवाद ठेवून, दूर झाला. ते उत्तमच झाले.

मराठेशाहीच्या दप्तरांत या तत्त्वाचे दुसरे, आणि आमच्या मते अधिक सुंदर, रूप सापडते. लढाईत पडलेल्या शिपायाच्या अज्ञान मुलांच्या पोषणासाठी जी नेमणूक सरकारातून चाले तिला 'बालपरवेशी' म्हणत. हा शब्द आज कोशातच उरला आहे, याचे आम्हांस वाईट वाटते. कारण त्याच्या नावातच हक्कदार कोण हे स्पष्ट आहे. ते वेतन मृताच्या नावे नव्हते, त्याच्या वारसाने मागून घ्यावयाचे ऋणही नव्हते. ते बालकाचे होते.

इंग्रजी अमदानीत मोखाडे शहापूर तालुक्याचा एक पेटा होता आणि शेजारचे जव्हार मुकणे घराण्याचे संस्थान होते. (संस्थान १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यास जोडले गेले, पालघर जिल्हा २०१४ सालचा.) इंग्रजी कायद्याने या प्रश्नाचे दोन तुकडे केले आणि ते दोन वेगळ्या पुस्तकांत ठेवले.

पहिला तुकडा फौजदारी कायद्यात. १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेपासून मॅजिस्ट्रेटास असा अधिकार मिळाला, की पुरेशी साधने असूनही जो मनुष्य बायकोस किंवा औरस-अनौरस मुलास पोसत नाही त्यास दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करावा. टाकलेली बायकामुले भिकेस लागून रस्त्यावर येऊ नयेत, एवढाच या तरतुदीचा मूळ हेतू. १८९८ च्या संहितेत ती ४८८ वे कलम झाली. रकमेस कमाल मर्यादा होती: प्रथम ५० रुपये, १९२३ पासून १००, १९५५ पासून ५००. १९७३ च्या संहितेत हेच कलम १२५ वे झाले तेव्हा मर्यादा पाचशेचीच राहिली. महाराष्ट्राने १९९९ साली ती १,५०० केली आणि २००१ साली संसदेने ती साफ काढून टाकली. १ जुलै २०२४ पासून हे कलम नव्या संहितेत १४४ वे झाले आहे. आकडे बदलले, कलमांचे क्रमांक बदलले, पण 'पुरेशी साधने' हे शब्द बदलले नाहीत, आणि सारी अडचण त्या शब्दांत आहे. न्यायालयांनी त्यांचा अर्थ असा लाविला की धडधाकट पुरुषाचा देह हेच त्याचे साधन. नोकरी नाही, शेत नाही ही सबब चालावयाची नाही. अर्थ योग्यच आहे, कारण त्यावाचून अर्धी दुनिया बेकारीचे सोंग घेती. पण हा सारा डोलारा धडधाकटपणाच्या खांबावर उभा आहे. देह मोडला की तो खांब जातो, आणि मग न्यायाधीशास देहाकडे पाहणे सोडून त्या देहाच्या बदल्यात आलेल्या पैशाकडे पाहावे लागते.

आणि तो पैसा तर दुसऱ्या पुस्तकात कुलूपबंद! १८७१ च्या पेन्शन कायद्याने, पूर्वीच्या सेवेबद्दल किंवा विद्यमान व्यंगाबद्दल सरकारने दिलेले वेतन धनकोच्या मागणीवरून जप्त करता येणार नाही असे ठरविले. १९०८ च्या दिवाणी संहितेने तोच आडपडदा कायम ठेवला. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आणि १९४८ चा राज्य विमा कायदा यांनीही आपापल्या रकमांभोवती तशीच भिंत घातली. भिंत सावकारासाठी होती हे उघड आहे. सैन्यात पाय गमावलेल्या शिपायाचे वेतन वाण्याच्या खात्यात जाऊ नये, हा हेतू कोणासही पटेल.

येथे थोडे थांबून मोखाड्याच्या आसपास त्याच काळी काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. सरकारी पेन्शनदाराच्या वेतनास सावकारापासून संरक्षण देणाऱ्या त्याच राज्यात, ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत वारली तरुण लग्नासाठी थोडेसे कर्ज काढी आणि त्या फेडीसाठी बायकोसह सावकाराच्या घरी राबे. त्यास 'लगीनगडी' म्हणत. कर्ज फिटत नसे; ते बापाकडून मुलावर येई. १९४५ साली उंबरगाव-डहाणू भागात जो लढा झाला त्याने या वेठीचे कंबरडे मोडले, आणि गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. सर्व देशास लागू असा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा मात्र १९७६ सालचा. सांगावयाचे ते असे, की ज्या काळी कायद्याची पुस्तके बापाकडून मुलाकडे पोटगी कशी जावी याचा खल करीत होती, त्या काळी या रानात बापाकडून मुलाकडे फक्त देणे जात होते.

१९२३ च्या कायद्याकडे परत येऊ. कारण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याच्याइतका बोलका कायदा दुसरा नाही. त्याच्या परिशिष्टात मनुष्यदेहाचा चक्क दरपत्रक होता. मूळ कोष्टकाप्रमाणे उजवा हात कोपरापासून वर गेला तर कमावण्याची शक्ती शेकडा ७० गेली, डावा गेला तर ६०, एक डोळा ३०, अंगठा २५. (डावखुऱ्याचे काय, हा विचार त्या कोष्टकाच्या कर्त्यास सुचला नसावा.) या टक्क्यांस मजुरीशी जोडून भरपाई निघे. म्हणजे भरपाई ही वेदनेची किंमत नव्हे. ती बुडालेल्या मजुरीचा मोबदला आहे. आता, ती मजुरी चालू असताना तीतून लेकरांचे पोट भरत होते की नाही? होते. मग तिच्या जागी आलेल्या पैशातून त्यांचा घास कसा वगळता येईल? नवल असे की कायदा करणाऱ्यांस हे अगदीच दिसले नव्हते असेही नाही. आठव्या कलमात एक लहानसे पोटकलम होते: आईबापांपैकी कोणी मुलांची हेळसांड करीत आहे असे आयुक्तास दिसले, तर भरपाईच्या वाटपाचा आधीचा हुकूम त्याने बदलावा. वाटपाचा प्रसंग मुख्यतः कामगार मेल्यावर येतो, हे खरे. जिवंत अपंगाच्या हाती पडलेल्या रकमेस ही दृष्टी लाविली गेली नाही. शिवाय नैमित्तिक मजूर या कायद्याच्या व्याख्येबाहेर होता; त्यास आत घेणारी दुरुस्ती २००० सालची. हंगामापुरता कामास जाणाऱ्या मजुरासाठी हा दरवाजा असा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ अरुंदच राहिला.

अमेरिकेने याच प्रश्नाची उकल वेगळ्या रीतीने केली. तेथे १९५६ साली अपंगत्वाचा सामाजिक विमा सुरू झाला आणि १९५८ साली अपंगाच्या आश्रितांसही त्यात स्थान मिळाले. कमावता बाप अपंग झाला की त्याच्या अज्ञान मुलास, कुटुंबाच्या एकूण मर्यादेत राहून, बापाच्या वेतनाच्या निम्म्यापर्यंत वेगळी रक्कम मिळते. बाप घरात राहतो की विभक्त, हे पाहिले जात नाही. त्यामुळे पोटगीच्या हिशेबाचा प्रश्न तेथील न्यायालयांपुढे आला, आणि बहुतेक राज्यांनी तो असा सोडविला की मुलास थेट मिळणारी ही रक्कम बापाच्या पोटगीत जमा धरावी. ती पोटगीहून जास्त असेल तर बापाने त्या महिन्यास आणखी काही देणे लागत नाही. १९७५ पासून अपंगाच्या विमावेतनातूनही पोटगी कापता येते. १९८७ साली टेनेसी राज्यातील एका सर्वस्वी अपंग झालेल्या माजी सैनिकाने आपले सैनिकी अपंगवेतन मुलांच्या पोटगीसाठी हिशेबात घेऊ नये असे म्हटले, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते वेतन केवळ त्याच्यासाठी नसून त्याच्या कुटुंबासाठीही आहे असा निर्णय दिला. मात्र याच देशाने एक मर्यादा कसोशीने पाळली आहे. जो मुळातच निष्कांचन आहे त्यास पोट भरण्यापुरते जे साह्य मिळते, ते पोटगीसाठी कापता येत नाही. कमाईच्या बदल्यात आलेला पैसा वेगळा आणि जीव जगविण्यापुरता दिलेला पैसा वेगळा, हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

आमच्याकडे हा भेद कायद्याने नव्हे, तर निकालानिकालांतून, तुकड्यातुकड्यांनी उमटत आहे. पगाराच्या बाबतीत दिवाणी संहितेने मूल हे साधे धनको नव्हे हे केव्हाच मान्य केले: इतर कर्जासाठी पगाराचा बराच भाग जप्तीबाहेर राहतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यास १९७६ पासून फक्त एकतृतीयांश वगळला जातो. पेन्शनचे कुलूप २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने उघडले. १८७१ च्या कायद्याचे संरक्षण धनकोविरुद्ध आहे आणि पोटगी मागणारी पत्नी धनको नव्हे, म्हणून पेन्शनमधून पोटगी वसूल करता येते, असा त्या निकालाचा आशय. एकशे अठ्ठेचाळीस वर्षे 'धनको' हा शब्द त्या कलमात उभा होता! उलट बाजूस, २०२४ च्या आरंभी कर्नाटक उच्च न्यायालयाने शेकडा ७५ अपंग झालेल्या पतीस पत्नीची पोटगी देण्यास भाग पाडता येणार नाही असे ठरविले. वरवर पाहता हे दोन निकाल एकमेकांविरुद्ध वाटतील. पण एकात देहाच्या जागी पैसा आलेला होता आणि दुसऱ्यात देह गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे विरोध उरत नाही.

आता मोखाड्यातील त्या बापाकडे वळू. त्यास पेन्शन नाही, विमा नाही, आणि भट्टीवरील भरपाईसाठी लागणारा नोकरीचा पुरावा बहुधा नाही. त्याच्या हाती येण्याजोगे आहे ते संजय गांधी निराधार अनुदान. ही योजना महाराष्ट्राने १९८० साली सुरू केली. तिची रक्कम २०१९ साली दरमहा १,००० होती, २०२३ साली १,५०० झाली, आणि अपंगांसाठी ती २,५०० करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. यातून मुलाची पोटगी कापावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. ते अन्नच आहे. पण म्हणून मुलाने उपाशी राहावे असेही होत नाही. याच योजनेत २०१९ साली विधवेस एक अपत्य असल्यास १,१०० आणि दोन असल्यास १,२०० असा, लहानसा का होईना, मुलांच्या संख्येचा विचार होता. २०२३ साली सर्वांस सरसकट १,५०० मिळाले. रक्कम वाढली, हे खरे. त्याच कागदावर मुलांचे ते शंभर आणि दोनशे रुपये मात्र नाहीसे झाले, आणि त्याबद्दल कोणी फारसे बोलल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

जमातींच्या लोकांस आणखी एक गोष्ट लागू आहे. १९५६ चा हिंदूंचा पोटगीविषयक कायदा अनुसूचित जमातींस लागू नाही. म्हणून या दोन तालुक्यांतील वारली, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी किंवा काथोडी बाईस मुलांसाठी दाद मागावयाची तर जातीचे पंच, नाहीतर फौजदारी संहितेचे तेच जुने कलम, हे मुख्य मार्ग उरतात. त्या कलमाखाली ती आपण राहते त्या जिल्ह्यात अर्ज करू शकते, हे तिच्या सोयीचे आहे. आणि त्याच कलमाच्या शेवटच्या खंडात, स्वतःचा चरितार्थ चालविण्यास असमर्थ झालेल्या आईबापांस मुलाकडून पोटगी मागता येते, अशीही तरतूद आहे. तेव्हा हाच अपंग बाप, मूल वाढून कमावते झाले म्हणजे, त्याच न्यायालयात त्याच कलमाखाली त्याच्याकडे निर्वाह मागण्यास येऊ शकतो. त्या दिवशी न्यायाधीशापुढे त्याचे व्यंग हे बचाव म्हणून येणार नाही, हक्क म्हणून येईल. आणि दंडांची मोजदाद करावयाची ती मुलाच्या.