संत याकोबाचें महामंदिर : कथा आणि इतिहास

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यांत, गॅलिशिया प्रांतीं, सान्तियागो-दे-कोम्पोस्तेला नगरांत संत याकोबाचें कथीड्रल उभें आहे. जब्दीपुत्र याकोब यांस हेरोद राजानें तरवारीनें मारिलें, एवढेंच पवित्र शास्त्रांत लिहिलें आहे. पुढचें सारें कथेचें. शिष्यांनीं त्यांचा देह नावेंत ठेविला आणि ती नाव (कोणी म्हणतात, पाषाणाची!) गॅलिशियाच्या किनाऱ्यास लागली. नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत पेलायो नामक तापसास अरण्यावर दिव्य प्रकाश दिसला व इरियाचे बिशप थिओडोमिर यांनीं तेथें कबर शोधून काढिली. हे बिशप तरी खरे कीं कल्पित, अशी शंका कित्येकांस होती. परंतु १९५५ सालीं कथीड्रलच्या जमिनीखालीं त्यांची कबरशिळाच सांपडली. तिच्यावरून त्यांचा मृत्यु ८४७ सालीं झाला हें ठरलें.

इ.स. ९९७ मध्यें कोर्दोव्याचा सेनापति अल्-मन्सूर यानें नगर व देवालय उध्वस्त केलें. कबरीस मात्र हात लाविला नाहीं. देवालयाच्या घंटा ख्रिस्ती बंदिवानांच्या खांद्यांवरून कोर्दोव्यास नेण्यांत आल्या, असें इतिवृत्तकार सांगतात. १२३६ सालीं राजा फर्दिनांद तिसरा यानें कोर्दोवा जिंकलें, तेव्हां त्याच घंटा मुसलमान बंदिवानांच्या खांद्यांवरून परत आल्या. पहिल्या बंदिवानांसाठीं ज्याचें अंतःकरण कळवळतें, त्यानें दुसऱ्यांकडेही पाहावें.

हल्लींच्या इमारतीचा आरंभ १०७५ सालीं झाला. जाड ग्रॅनाइटच्या भिंती, गोल कमानी, मध्यदालनावर अर्धगोल पाषाणी छत. वेदीच्या मागून प्रदक्षिणेचा मार्ग असा काढिला आहे कीं मिस्सा चालू असतांही यात्रेकरूंची रांग अडूं नये. शिल्पकार मातेओ यानें ११८८ सालीं ‘गौरवद्वारा’वर पट्टशिळा बसविल्या, १२११ सालीं मंदिराचें अभिषेचन झालें. बाहेरून आलेल्या मनुष्यास मात्र अठराव्या शतकांतील भपकेदार दर्शनी भागच आधीं दिसतो, आणि जुनें सौंदर्य त्याच्या आड दडलें आहे.

एका कथेविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. ८४४ सालीं क्लाविहोच्या रणांत प्रेषित पांढऱ्या घोड्यावरून अवतरले व त्यांनीं शत्रूंची कत्तल केली, असें सांगत. तशी लढाई झालीच नाहीं, असें आज इतिहासकार मानितात. बाराव्या शतकांत राजा रामिरोच्या नांवें एक बनावट सनद रचिली गेली आणि तिच्या आधारें शतकानुशतकें शेतकऱ्यांकडून धान्य व द्राक्षारस वसूल होत असे. नावेची कथा निरुपद्रवी आहे. ही तशी नव्हे. स्वतः तरवारीनें मरण पावलेल्या प्रेषिताच्या हातीं तरवार देण्यांत कसली भक्ति?

१५८९ सालीं इंग्रज आरमाराच्या भयानें आर्चबिशपांनीं संतावशेष लपविले. पुढें जागेची आठवणच बुजली. १८७९ सालीं वेदीच्या मागें खोदकाम होऊन अस्थि मिळाल्या, व १८८४ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस मान्यता दिली. मधल्या २९० वर्षांत यात्रेकरू येतच राहिले. त्यांनीं वेदीपुढें गुडघे टेकिले, आणि अस्थि तेथून कांहीं पावलांवरच होत्या.