उसाच्या ट्रॉलीचे ब्रेक शू घरीच कसे बदलाल? हंगामाआधी एवढं कराच

जुन्नर/आंबेगाव : ऊस तोडणी सुरू झाली की निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगाव-दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, या दोन्ही कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॅक्टरचं वजन साधारण दोन टन, मागचा भरलेला ऊस त्याच्या कितीतरी पट. उतारावर ट्रॉलीला ब्रेक नसेल तर ती ट्रॅक्टरला पुढे ढकलते, वळणावर आडवी करते. त्यामुळे ट्रॅक्टरचे ब्रेक चांगले असून भागत नाही. ट्रॉलीला ड्रम ब्रेक असतील तर शू बदलण्याचं काम घरी होऊ शकतं.

कधी बदलायचे?
ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, खरखर आवाज येतो, ड्रम जास्त तापतो, लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलाय किंवा त्यावर ग्रीस-ऑइल आलंय, तर शू बदला. ऑइल प्यायलेला लायनर घासून पुन्हा बसवू नका.

काम असं करा
१. ट्रॉली रिकामी करून सपाट, कडक जमिनीवर लावा. ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक लावा. दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा.
२. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावा. फक्त जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, ॲक्सलखाली मजबूत स्टँड द्या.
३. चाक काढा, ॲडजस्टर सैल करा, ड्रम काढा. आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.
४. स्प्रिंग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे दुसरं बघून जोडता येतं.
५. ड्रम उघडा असताना ब्रेक पेडल दाबू नका, सिलेंडरचा पिस्टन बाहेर येईल. सिलेंडर गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा.
६. नवे शू त्याच ॲक्सलच्या दोन्ही चाकांना टाका. एकच बाजू बदलली तर गाडी ओढणारच.
७. ड्रम बसवून चाक हाताने फिरवा. किंचित घासेपर्यंत ॲडजस्टर आवळा, मग चाक मोकळं फिरेल इतका सैल करा. हबची स्प्लिट पिन नवीनच वापरा.
८. हायड्रॉलिक लाइन उघडली असेल तर हवा काढा. कंपनीने सांगितलेलंच ऑइल भरा; चुकीच्या ऑइलने रबर सील फुगतात.

मेकॅनिककडे कधी?
ड्रमला खोल रेघा किंवा तडा असेल तर. एअर ब्रेकचा चेंबर तर घरी उघडूच नका, आतली स्प्रिंग जोरात सुटून जीव घेऊ शकते.

रस्त्यावर निघण्याआधी
आधी रिकामी ट्रॉली हळू चालवून दोन-चार वेळा ब्रेक मारून बघा. थोडं चालवल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळा. ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडलं डांबरी रस्त्यावर लॉक करूनच चालवा. आणे घाट असो की अवसरी घाट, उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. आणि ट्रॉलीच्या मागचे रिफ्लेक्टर पुसायला विसरू नका, रात्री मागच्या दुचाकीवाल्याला तेवढंच दिसतं.