सारीपाट, गंजिफा आणि एक विमावाला

माणसाला नोकरी लागली की त्याचे खेळ सुटतात, अशी एक समजूत आहे. ती पसरवणाऱ्याने बदलापूर लोकल पाहिलेली नसावी. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटरचं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच चार जणांच्या आठ गुडघ्यांवर कालचा पेपर पसरला जातो, पत्ते पिसले जातात आणि कल्याण यायच्या आत कुणाचं तरी दिवाळं निघालेलं असतं. या मंडळींचे नियम कुठल्याही पुस्तकात नाहीत. मुलुंडनंतर नवा डाव वाटायचा की नाही, उभ्याने खेळणाऱ्याला पान उचलायचा हक्क आहे की नुसता सल्ला द्यायचा, हे सगळं खिडकीशी बसणाऱ्या एका काकांच्या डोक्यात असतं. काका म्हणतील तो कायदा. आणि एके दिवशी काका रिटायर होतात. सोमवारी खिडकीशी दुसराच कुणी बसतो आणि मंगळवारपर्यंत ग्रुपमध्ये दोन तट पडलेले असतात.

खेळांच्या इतिहासात हे वारंवार झालेलं आहे. पट शिल्लक राहतो, सोंगट्या शिल्लक राहतात. 'आता पुढे काय करायचं' हे सांगणारा तेवढा निघून जातो. तेव्हा या लेखात मी काही जुन्या खेळांची शिफारस करणार आहे. बँकेत कर्जाच्या अर्जावर शिफारस करायला माझी सही चालत नाही. ती हौस इथे भागवून घेतो.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल, कारण अमेरिका दर शनिवारी रात्री आमच्या घरी येते. आम्ही राहतो खरवईत, म्हणजे बदलापूर पूर्वेला. तिथे माझा भाचा आणि त्याचे चार मित्र आमच्या हॉलचा ताबा घेतात. एकजण बोलत असतो. बाकीचे 'मी दाराला कान लावतो', 'मी मशाल पेटवतो' असं काहीबाही म्हणतात, आणि मध्येच कुणीतरी वीस बाजूंचा फासा टाकून किंचाळतो. पहिल्या शनिवारी आमच्या हिला वाटलं, एकांकिका स्पर्धेची तालीम चालली आहे. शेजाऱ्यांना काय वाटलं ते त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सविस्तर सांगितलं.

या खेळाचं नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. यात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एकाने पंच व्हायचं आणि बाकीच्यांना एखाद्या भुयारात नेऊन सोडायचं. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, जमलं की नाही ते फाशाने सांगावं, आणि फाशालाही कळलं नाही तर पंचाने. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी छापून काढला. यातले गायगॅक्स विमा कंपनीत होते, हे कळलं तेव्हा मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. कुठल्या माणसाच्या घरावर किती जोखीम घ्यायची हे दिवसभर ठरवणारा माणूस रात्री घरी येऊन राक्षसांच्या जोखमीचे तक्ते करत होता! १९७० साली त्यांची ती नोकरी गेली. मग त्यांनी घरी बूट दुरुस्त करून संसार चालवला आणि उरलेल्या वेळात खेळ लिहिला. एका खोक्यात तीन बारक्या पुस्तिका, किंमत १० डॉलर, प्रती १०००. त्या वर्षभराच्या आत संपल्या. नियम इतके त्रोटक की रानावनात भटकायचं असेल तर दुसऱ्याच एका कंपनीचा पट विकत आणा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. फॉर्म भरायला आलेल्या माणसाला पेन शेजारच्या बँकेतून आणायला सांगण्यासारखंच हे.

पुढे खेळ वाढला, तशी पुस्तकंही वाढली. प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीपेक्षा जाड. ज्याने परिपत्रकं वाचण्यात वीस वर्षं घालवली आहेत त्याला याचं नवल वाटणार नाही. एकदा कुणीतरी काहीतरी विचित्र करतो, त्याच्यासाठी एक कलम निघतं, मग त्या कलमासाठी स्पष्टीकरण. शेवटी खेळणारे कंटाळले. २००० साली मालक कंपनीने आपल्या नियमांचा बराचसा भाग कुणालाही वापरायला मोकळा केला. त्याचा आधार घेऊन २००६ पासून हौशी लोकांनी जुने, पातळ नियम नव्याने लिहून काढायला सुरुवात केली. मॅट फिंच नावाच्या गृहस्थांनी २००८ साली एक छोटी पुस्तिका लिहून जुन्या पद्धतीचं मर्म सांगितलं : नियम शोधत बसू नका, पंचाने प्रसंग बघून निर्णय द्यावा.

गंमत म्हणजे हे भांडणही जुनंच आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्स नावाच्या लेफ्टनंटने नकाशावरच्या लढाईचा खेळ तयार केला. पुढे त्याच्या तक्त्यांचं इतकं जंगल माजलं की अधिकारी खेळायला कुरकुरू लागले. तेव्हा १८७६ साली फेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सांगितलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच म्हणेल ते खरं. म्हणजे जर्मन फौजेला एवढा खटाटोप करून जे सापडलं ते आमच्या डब्यातल्या खिडकीजवळच्या काकांना आधीपासून ठाऊक होतं.

ज्यांना हा प्रकार करून बघायचा असेल त्यांनी जाड पुस्तकांच्या वाटेला जाऊ नये. २०१९ साली निघालेलं 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' घ्यावं. नियम जुनेच, पण मांडणी आपल्याला समजेल अशी. त्याच्या जोडीला गायगॅक्स यांचंच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे साहस. त्यात एक किल्ला आहे, जवळ दरी आहे, दरीत गुहा आहेत आणि गुहांत नाना जातीचे राक्षस. गोष्ट अशी नाहीच. कुणाशी लढायचं, कुणाशी तह करायचा आणि कुणाला बघून पळायचं, हे खेळणाऱ्यांनी ठरवायचं. भाच्याने हे वर्णन केलं तेव्हा मला आपला मलंगगड दिसायला लागला. चंदेरीवर तर गुहासुद्धा आहे. गायगॅक्स यांचंच 'टूम ऑफ हॉरर्स' (१९७८) मात्र नवख्याने घेऊ नये. त्यात पात्रं इतक्या झपाट्याने मरतात की खेळापेक्षा वारसनोंदीचंच काम जास्त.

आता घरच्या खेळांकडे. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. ते बांधून झाल्यावर सुमारे सत्तर वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. (हे कल्याणी म्हणजे बिदरकडचं बसवकल्याण. आमचं कल्याण नव्हे. आमच्या कल्याणात ग्रंथ लिहायला बसायला जागा मिळाली नसती.) राज्य कसं करावं इथपासून जेवण कसं करावं इथपर्यंत सगळं सांगून झाल्यावर राजेसाहेबांनी खेळांना एक अख्खं प्रकरण दिलं, आणि त्यात बुद्धिबळ, फासे, कवड्या यांचे खेळ नोंदवून ठेवले. पुढे १८७१ साली औरंगाबादच्या हरिकृष्ण ज्योतिषांनी 'क्रीडाकौशल्य' लिहिलं, तेही संस्कृतात. या दोघांच्या मध्ये साडेसातशे वर्षं गेली. तेवढ्या काळात घरोघर जे खेळ चालले त्यांचे नियम बहुतेक आजीकडे होते, आणि आजीने संस्कृतात काही लिहिलं नाही.

याचा खरा फटका बसला तो गंजिफाला. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाचा जोड पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली जोड ९६ पानांचा. आपल्याकडे विष्णूचे दहा अवतार घेऊन दशावतारी गंजिफा झाली : प्रत्येक अवताराची बारा पानं, एक राजा, एक वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एकूण १२०. तिघांनी चाळीस-चाळीस पानं घ्यायची. हुकूम नाही. पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, पुढच्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. दिवसा खेळायला बसलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, रात्री बसलात तर कृष्णाचा. कुठलं पान पडून गेलं आणि कुठलं कुणाच्या हातात आहे, हे सगळं ध्यानात ठेवायचं. जोड-खातं लिहायला शिकलेल्या कॉमर्सच्या माणसालासुद्धा घाम फुटेल असा हा हिशेब, आणि हा आपल्या पणज्या दुपारची झोप टाळून करत होत्या.

सावंतवाडीला ही पानं रंगवायची मोठी परंपरा. चिंचोक्याची खळ लावून कडक केलेला पाया, त्यावर रंग, त्यावर लाखेचा हात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती परंपरा मोडकळीला आली होती. राजे शिवरामराजे सावंत भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच कारागीर बसवून तिला पुन्हा उभं केलं. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी जन्मभर गंजिफा जमवल्या आणि अभ्यासल्या. त्यांच्या अभ्यासाचा ग्रंथ १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने काढला. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणजे पानं वाचली. पण परवा एका प्रदर्शनात मी जोड हातात घेऊन विक्रेत्याला विचारलं, "याच्याबरोबर नियम मिळतात का?"

"कसले नियम?"

"खेळायचे."

"खेळायला कोण घेतं, साहेब? फ्रेमचं माप सांगा."

त्याचा तरी काय दोष? मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे अवतार भिंतीवर चढून बसले आहेत आणि रामाच्या राजाने गेल्या कित्येक दिवसांत एकदाही सुरुवात केलेली नाही. गायगॅक्स यांच्या पहिल्या खोक्याला ना रंग होता ना रूप, आतली चित्रं तर शाळकरी पोराने काढल्यासारखी. पण त्यात नियमांच्या पुस्तिका होत्या, म्हणून खोकी फाटली तरी खेळ चालू राहिला. आपल्याकडे खोकं देखणं राहिलं. माझी शिफारस अशी, की जोड घ्याच. महाग आहे, पण घ्या. वर दिलेले नियम एका कागदावर उतरवून त्यात घाला आणि तिघांनी एक रविवार त्यावर घालवा.

मोक्षपटाचं नशीब वेगळं. सापशिडीचा हा पूर्वज ज्ञानेश्वरांनी केला असं परंपरा सांगते. सापडलेले पट मात्र बरेच अलीकडचे आहेत. प्रत्येक घराला सद्गुणाचं, दुर्गुणाचं नाहीतर लोकाचं नाव, आणि शेवटी मोक्ष किंवा वैकुंठ. हा खेळ विलायतेला गेला, १८९२ साली तिथे त्याची नोंदणी झाली. तिकडच्या पटांवर वैकुंठ गेलं आणि उद्योग, काटकसर असल्या गुणांना शिड्या लागल्या. काटकसरीची शिडी मोठी उंच असायची. सध्याचा बचत खात्याचा व्याजदर पाहता तिथे आता स्टूल पुरेल. पश्चिम भारतातल्या या पटांचा कसून अभ्यास केला तो डेन्मार्कच्या जेकब श्मिट-मॅडसन यांनी, २०१९ साली, कोपनहेगन विद्यापीठात.

राहिला सारीपाट. अधिकच्या चिन्हासारखा कापडी पट, चार पट्टे, प्रत्येकात २४ घरं, मध्ये एक घर. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. फासे नसले तर कवड्या चालतात. पौ बारा हे त्यातलं मोठं दान. हिंदीवाल्यांना ते पडलं की त्यांची चांदी होते आणि मराठी माणूस पोबारा करतो. वेरूळला शिवपार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत, पण माझा आवडता डाव जेजुरीचा. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले, हरेल त्याने बारा वर्षं वनवासाला जायचं असं ठरलं. खंडोबा हरला. लोक सांगतात, मुद्दाम हरला, कारण त्याचं मन चंदनपुरीच्या बाणाईवर जडलं होतं. मग म्हाताऱ्याचं सोंग घेऊन तो तिच्या घरी मेंढरं राखायला राहिला, मेंढरं मारली, पुन्हा जिवंत केली आणि लग्न लावून घेतलं.

मी हे सांगितल्यावर भाचा खुर्चीतून उठलाच. "मामा, अरे हे तर रेडीमेड मॉड्यूल आहे! जेजुरी, चंदनपुरी, वेषांतर, मेंढरं, सगळं आहे."

पुढच्या शनिवारी जमवलंच. पंच भाचा. खंडोबा झाला त्याचा एक मित्र, मी वाघ्या, आणि म्हाळसा व्हायला कुणी तयार होईना म्हणून हिला बसवलं. सुरुवातीचा डाव खऱ्याखुऱ्या पटावर खेळायचा असं ठरलं, कवड्याही आणल्या. खंडोबा सरळ आपल्या सोंगट्या मारून घ्यायला लागला. हिने पटावर हात आडवा ठेवला.

"मुद्दाम हरलेला डाव धरायचा नाही. परत मांडा."

"मामी, पण गोष्टीत तो हरतो ना!"

"गोष्टीत हरू दे. इथे म्हाळसा मी आहे."

भाच्याने पंच म्हणून क्षणभर विचार केला. मॅट फिंच यांची पुस्तिका त्याने वाचलेली आहे. त्याने निर्णय मामीच्या बाजूने दिला. रात्री सव्वाबारा वाजता चंदनपुरीत मेंढरं वाट बघत होती आणि खंडोबा जेजुरीतच अडकला होता. मनापासून खेळायला लागल्यापासून त्याला एकसारखी मोठी दानं पडत होती.