बोली मालाची आणि बोली कष्टाची

आमच्या सूसमध्ये सध्या जिकडे पाहावं तिकडे बांधकाम चालू आहे. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं, पण शेतांच्या जागी इमारती त्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या राहू लागल्या होत्या. त्यामुळे गवंडी, रंगारी, फॅब्रिकेशनवाले, सुतार यांची ये-जा रोजची. यांच्यापैकी कोणाशीही बोलणं सुरू करा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मटेरियलसकट, की नुसती मजुरी?"

मंडळी, या साध्या प्रश्नाला फार मोठा इतिहास आहे. आपण विकत काय घेतो, वस्तू की माणसाचे कष्ट? कागद न करता तोंडी बोलीवर व्यवहार ठरला असेल, तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. शाळेत इतिहास शिकवताना मी 'बारा बलुतेदार' हा धडा पाठ करून घेत असे. पण तो धडा म्हणजे मुळात तोंडी करारांचा धडा आहे, हे निवृत्तीनंतरच्या निवांत वाचनात नीट उमगत गेलं.

आधी आपल्या भाषेकडे बघू. मालाला आपण 'किंमत' म्हणतो, 'भाव' म्हणतो. कष्टाला मात्र मराठीने वेगळाच साचा केला आहे. सोनाराची घडणावळ, शिंप्याची शिवणावळ, परटाची धुणावळ. सोनं तोळ्याच्या भावानं आणि घडणावळ वेगळी, हा हिशेब अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळत असे. कापड आपलं, शिलाई त्याची. धान्य आपलं, दळणाचे पैसे गिरणीचे. कायद्याचं पुस्तक न उघडता लोकांनी हा भेद जिभेवर ठेवला होता.

गावगाड्यातही तो होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गांवगाडा' हे पुस्तक १९१५ साली निघालं. गावकीचा कारभार समजून घ्यायला आजही त्याच्याइतकं उपयोगी पुस्तक विरळा. सुतारानं कुणब्याची औतं दुरुस्त करायची, लाकूड कुणब्याचं. लोहारानं फाळ शेवटायचा, लोखंड आणि कोळसा कुणब्याचा. त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं, तेच बलुतं. पण नवी गाडी करायची म्हटलं, की ते बलुत्यात बसत नसे, त्याची मजुरी वेगळी ठरायची. चांभाराचंही तसंच. दुरुस्ती बलुत्यात, नवा जोडा निराळा.

कुंभाराची गंमत बघा. माती त्यानं आणायची, भट्टी त्याची, हात त्याचे, आणि घरात येतं ते मडकं. आजच्या कायद्यानं ही सरळ वस्तूची विक्री. पण गावानं त्यालाही बलुतेदारांतच बसवलं, म्हणजे मडक्याची किंमत न करता कुंभाराच्या सेवेला वर्षाचं धान्य लावलं.

इथवर सगळं गोड वाटतं. पण वस्तू मोजता येते. मण, शेर, गज, नग. माल कमी आला तर दिसतो. सेवा कशानं मोजायची? तोंडी बोलीत तिची हद्द कोणी आखायची? जुन्या व्यवस्थेचा खरा निकाल इथे लागतो.

महार वतनाचं उदाहरण घ्या. सरकारी काम आणि गावचं काम, सांगावे पोचवायचे, वेसकरकी करायची, सारा घेऊन जायचा. बदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून बलुतं. पण काम किती तास, कोणाकोणाचं आणि घरातल्या कोणी करायचं, याला मर्यादा नाही. एक जण कामावर असला तरी सगळं कुटुंबच बांधलेलं. आणि बलुतं देणं न देणं मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्यामागे हेच दुखणं होतं. काम ठरवा, मोबदला ठरवा, बलुत्याऐवजी पैशात द्या, आणि ज्याला वतन सोडायचं त्याला मोकळं होऊ द्या. ते विधेयक त्यांना पुढे मागे घ्यावं लागलं. ही कनिष्ठ वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडलं.

याच नाण्याची दुसरी बाजू आपल्याच पुणे जिल्ह्यातली, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरची. ग्रामजोशीपण हेही वतनच. दुसरा भटजी बोलावून लग्न लावलं तरी वतनदार जोशाला त्याची दक्षिणा द्यावी लागे, आणि इंग्रजी कोर्टंही तसे हुकूमनामे देत. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केल्यावर लोक भटजीशिवाय लग्नं लावू लागले. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८० च्या दशकात असंच केलं, आणि ग्रामजोशानं दावा लावला. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. भटजी लावलाच नाही तर जोशाला दक्षिणा मागता येणार नाही, असा निकाल तिथे लागला. पुढे १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदाच झाला, आणि न केलेल्या धार्मिक सेवेचं देणं बाद ठरलं.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. गाव तेच, रूढी तीच, कागद कुठेच नाही. एकाला सेवा न करता दक्षिणा, दुसऱ्याला सेवा करूनही मोबदल्याची खात्री नाही. तोंडी बोलीत सेवेचं माप ठरलेलं नसलं, की ज्याच्या शब्दाला वजन त्याचं माप चालतं.

विलायतेतही हा घोळ होताच, फक्त उलट्या बाजूनं. तिथे १६७७ च्या कायद्यानं दहा पौंड आणि त्यावरच्या मालाची नुसती तोंडी बोली कोर्टात चालेनाशी झाली. लेखी तरी हवं, किंवा थोडा माल ताब्यात घेतलेला, नाहीतर इसार तरी दिलेला हवा. कष्टाची बोली मात्र तोंडी चाले. १८६१ साली एका दंतवैद्याचा खटला झाला. एका बाईंनी कवळ्या करायला सांगितल्या आणि त्या बसवण्याआधीच बाई वारल्या. वैद्यानं २१ पौंड मागितले. कोर्ट म्हणालं, कवळी ही वस्तू, आणि पुरेसं लेखी काही नाही, तेव्हा दावा बाद! १९३५ साली एका चित्रकारावर तीच वेळ आली. तोंडी सांगून काढायला घेतलेलं चित्र गिऱ्हाइकानं मध्येच नाकारलं. तिथे मात्र कोर्टानं मानलं की कॅनव्हास आणि रंग नाममात्र, खरा व्यवहार कौशल्याचा. चित्रकार जिंकला.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यानं आणि १९३० च्या मालविक्री कायद्यानं तोंडी व्यवहार दोन्हीकडे मान्य केला. पण भेद संपला नाही. तो विक्रीकरात शिरला. इमारत बांधून देणं म्हणजे विटा-सिमेंट विकणं नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं १९५८ साली गॅनन डंकर्ली खटल्यात ठरवलं. १९७८ साली तेच कोर्ट म्हणालं, की हॉटेलात जेवण वाढणं ही अन्नाची विक्री नव्हे, ती सेवा. मग १९८२ ची ४६ वी घटनादुरुस्ती आली आणि दोन्हींतल्या मालावर कर लावायची वाट मोकळी झाली. २०१७ च्या जीएसटीत बांधकामाचा ठेका आणि हॉटेलातलं जेवण, दोन्ही पुन्हा सेवेत! आपल्या 'खाणावळ' शब्दाचा साचा बघा: घडणावळ, धुणावळ, खाणावळ. भाषेनं निकाल आधीच लावून ठेवला होता म्हणायचा.

ग्राहक कायद्यातही दोन वेगळे शब्द आहेत. वस्तूत 'दोष' असतो आणि सेवेत 'उणीव'. दरवाजाचं लाकूड किडकं निघालं तर दोष. लाकूड आपण आणून दिलं आणि दरवाजा तिरका बसला तर उणीव. पण लाकूड कोणाचं हेच बोलीत स्पष्ट नसेल, तर भांडण अटळ.

म्हणून नातवंडांना मी एवढंच सांगतो: तोंडी बोलायला हरकत नाही, पण माल कोणाचा, काम कुठवर आणि पैसे कधी, या तीन गोष्टी मोठ्यानं बोला, चौथ्या माणसासमोर बोला. त्यात आपल्यापेक्षा समोरच्या कारागिराचं भलं अधिक आहे. माल परत नेता येतो. दिवसभराचे कष्ट कोणाला परत नेता येत नाहीत.

असो. 'णावळ' लागलेले आणखी शब्द तुमच्याकडे बोलले जात असतील तर जरूर कळवा. जमवतो आहे.