वऱ्हाडी उतारू आणि विलायतेची आगबोट

वऱ्हाडास समुद्र नाहीं. अकोल्याहून मुंबई लोहमार्गानें साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक दूर. अमरावती त्याच्याही पलीकडे. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीवर वाढलेल्या माणसास भरती-ओहोटी हे शब्द पुस्तकांतूनच भेटावयाचे. असें असूनही या प्रांतांतील कित्येक माणसें समुद्र ओलांडून गेलीं आणि त्यांच्या जाण्यानें प्रांताच्या सार्वजनिक जीवनास वळण लागलें. त्यांच्याविषयीं लिहितांना सभा, अपिलें व पदव्या यांची नोंद होते. परंतु तीं माणसें कोणत्या ऋतूंत निघालीं, बोटीच्या कोणत्या वर्गानें गेलीं, खोली कोणत्या अंगाची मिळाली, हा तपशील घरगुती म्हणून सोडून दिला जातो. आम्हांस तो सोडण्याजोगा वाटत नाहीं. कित्येक दिवस परक्या माणसांत, परक्या अन्नावर व परक्या शिस्तींत राहावयाचें असतां, खोलीच्या निवडीबरोबर आपण कोण म्हणून प्रवास करणार हेंही ठरून जातें.

या प्रवासाचा पाया दोन वर्षांच्या अंतरानें घातला गेला. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग अकोला व बडनेरा यांवरून नागपुरास पोंचला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला. पहिल्यानें वऱ्हाड मुंबईशीं जोडला, दुसऱ्यानें मुंबई युरोपशीं. या वाटेनें प्रथम गेला तो कापूस. माणसाची पाळी मागाहून आली, कारण कापसाच्या गांठीस जात नसते आणि जेवणही लागत नाहीं.

१८९० सालीं राष्ट्रीय सभेनें जें शिष्टमंडळ विलायतेस धाडलें, त्यांत अमरावतीचे वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर होते. कलिवर्ज्यांच्या यादींत द्विजाची समुद्रयात्रा गणलेली असल्यामुळें त्या काळीं बोटीचें तिकीट काढणें म्हणजे ज्ञातीशीं वाद काढणें होतें. हा वाद धक्क्यावर मागें राहत नसे; तो उतारूबरोबर बोटीवर चढे आणि जेवणाच्या टेबलापाशीं येऊन बसे. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मुंबईहून निघालेल्या मोहनदास गांधींनीं आपल्या आत्मकथेंत लिहिलें आहे कीं, कांटे-चमचे वापरण्याची संवय नव्हती, कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचें धैर्य नव्हतें. म्हणून ते टेबलावर जेवावयास गेलेच नाहींत. बरोबर आणलेली मिठाई व फळें त्यांनीं खोलींतच खाल्लीं. त्यांची जागा जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार यांच्याच खोलींत ठेवली होती, ही तजवीज येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. तत्पूर्वीं १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी पतीवांचून कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां मिशनरी स्त्रियांची सोबत त्यांना पत्करावी लागली. अर्थात् आपल्याकडील पहिल्या उतारूंच्या दृष्टीनें खोली कोणती, यापेक्षां खोलींत सोबती कोण, हाच प्रश्न मोठा होता.

दुसरा प्रश्न ऋतूचा. लोकमान्य टिळकांस २२ जुलै १९०८ रोजीं सहा वर्षांची शिक्षा झाली आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे पुढल्याच महिन्यांत त्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठीं विलायतेस निघाले. ऑगस्ट म्हणजे अरबी समुद्रांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा अंमल. मुंबईपासून एडनपर्यंतचें अंतर सुमारें तीन हजार किलोमीटर. तेवढ्या वाटेंत पश्चिमेस जाणाऱ्या बोटीस वारा व लाटा समोरून आणि डाव्या अंगानें घ्याव्या लागतात. आपल्याकडे ज्यास बोट लागणें म्हणतात तो विकार याच टप्प्यांत सर्वांत पीडा देई. ज्यास हौसेनें जावयाचें, त्यानें पावसाळा टाळून हिंवाळ्यांत किंवा त्याच्या शेवटीं निघावें, हें सर्वांस ठाऊक होतें. परंतु मित्र तुरुंगांत असतां ऋतूची निवड कोण करणार? खापर्डे १९१० पर्यंत विलायतेंत राहिले. अपिलाच्या खटपटीस यश आलें नाहीं. तरी चार भिंतींतील वकिली सोडून पावसाळी समुद्रावर निघण्याची किंमत त्या अपयशानें कमी होत नाहीं.

अशा समुद्रांत खोली कोठें असावी? याचें उत्तर झोपाळ्यावर बसलेलें मूलही देईल. फळीच्या दोन्ही टोंकांस जो झोंका बसतो, तो मध्यावर बसत नाहीं. बोटही मध्याभोंवतीं हेलावते. म्हणून लांबीच्या मध्यभागीं व पाण्याच्या पातळीपासून फार उंच नसलेली खोली सर्वांत स्थिर. मात्र जुन्या बोटींत या स्थैर्यास एक विघ्न होतें. समुद्र खवळला कीं खालच्या मजल्यांवरील गोल खिडक्या पक्क्या लावून घेत आणि आंत हवा कोंडे. वरच्या खोलींत वारा, पण हेलकावे. खालच्या खोलींत स्थैर्य, पण उकाडा. त्यांतून मध्यभाग बहुधा पहिल्या वर्गाकडे असे व दुसरा वर्ग मागील बाजूस, जेथें यंत्राच्या पंख्याचा थरकाप रात्रंदिवस जाणवे. पैशाचा फरक अशा रीतीनें पोटांतील अन्नापर्यंत पोंचत असे.

आतां बाजूचा प्रश्न. इंग्रज लोकांत एक आख्यायिका प्रसिद्ध आहे: हिंदुस्थानास जातांना बोटीची डावी बाजू घ्यावी व घरीं परततांना उजवी, म्हणजे ऊन टळतें. या सूत्राच्या आद्याक्षरांतून इंग्रजींतील ‘पॉश’ हा शब्द निघाला, असेंही सांगतात. त्या व्युत्पत्तीस पुरावा मात्र सांपडलेला नाहीं. शब्दाचें कांहींही असो, उन्हाचें गणित खरें आहे. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे असतो आणि तांबड्या समुद्रांत तिसऱ्या प्रहराचें कडक ऊन पश्चिमेकडून येतें. मुंबईहून निघालेली बोट आधीं पश्चिमेस व मग तांबड्या समुद्रांतून उत्तरेस जाते. तेव्हां दक्षिण आणि पश्चिम या दोन्ही दिशा तिच्या डाव्या हातास येतात. म्हणजे वऱ्हाडच्या उतारूनें जातांना उजवी बाजू घ्यावी व येतांना डावी. इंग्रजाच्या सूत्राच्या नेमकें उलट. सूत्र चुकीचें नव्हतें. तें दुसऱ्याच्या घरापासून मोजलेलें होतें. तें पाठ करून जो मुंबईहून निघेल, त्यास दोन्ही वेळां ऊनच मिळेल. परक्यांचे नियम जसेच्या तसे उचलणाऱ्या आपल्या सुशिक्षित समाजास याहून सुटसुटीत धडा आम्हांस दुसरा आठवत नाहीं.

बोट कोणाची, हाही प्रश्न पुढें निघाला. टपालाच्या इंग्रजी बोटींवर यजमान इंग्रज व हिंदी माणूस पाहुणा, आणि पाहुण्याचा मान यजमानाच्या मर्जीवर. सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हां हिंदी मालकीच्या बोटीनें विलायतेस जातां येतें हें प्रथम दिसलें. त्या बोटीनें कंपनीस पैसा मिळवून दिला नाहीं. तरी तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

त्यानंतर वऱ्हाडी उतारूचें स्वरूप पालटलें. १९२० सालीं पापळ गांवचा एक शेतकऱ्याचा मुलगा शिक्षणासाठीं विलायतेस गेला आणि १९२६ सालीं वैदिक वाङ्मयांतील धर्माच्या विकासावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेता झाला. ते पंजाबराव देशमुख; अकोल्याचें कृषि विद्यापीठ आज त्यांचें नांव धारण करतें. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ दाखविण्यास गेलें. एकट्या वकिलाच्या खोलीपासून खेळाडूंच्या पथकापर्यंतचा हा प्रवास अर्ध्या शतकाच्या आंतला आहे. आणि ज्यांचीं नांवें कोणत्याच चरित्रांत नाहींत, त्या वऱ्हाडांतील मुसलमान हाजींसही विसरतां कामा नये. मुंबईहून समुद्रमार्गें हजला जाण्याची वहिवाट १९९५ पर्यंत चालली. डेकवर किंवा खालच्या मोठ्या दालनांत अंथरूण पसरणाऱ्या त्या उतारूस डावी-उजवी बाजू निवडण्याचा प्रश्नच नव्हता.

विमानानें ती सारी बोटवाहतूक संपविली. सुएझचा कालवा १९६७ पासून १९७५ पर्यंत बंद राहिला, त्यानें तिच्या शेवटास हातभार लावला. आतां बोट पुन्हां आली आहे, पण सहलीसाठीं. २०२१ पासून मुंबईहून गोवा व लक्षद्वीप यांकडे विहारनौका निघूं लागल्या आणि अमरावती-अकोल्याचीं कुटुंबें दिवाळीच्या सुटींत त्यांच्या जाहिराती न्याहाळूं लागलीं. बिनखिडकीची खोली, खिडकीची खोली, सज्जाची खोली असे भेद आतां दरपत्रकांत छापलेले असतात. थंड हवेच्या यंत्रानें उकाड्याचा प्रश्न मिटविला व बाजूस लावलेल्या पंखांनीं हेलकावे कमी केले. तरी मध्यभागची खालची खोली सर्वांत स्थिर, हा झोपाळ्याचा न्याय अबाधित आहे. ज्यास बोट लागते त्यानें उंचावरील सज्जासाठीं जादा पैसे मोजण्यापूर्वीं याचा विचार करावा. गोव्याकडे जातांना किनारा डाव्या हातास व मावळता सूर्य उजव्या हातास राहील, हेंही आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

शाकाहारी जेवण मागण्यास आज धैर्य लागत नाहीं, आणि परतल्यावर प्रायश्चित्ताचा विषय निघत नाहीं. ही सोय आपणांस फुकट मिळालेली नाहीं. ज्यांना बंद खिडकीच्या खोलींत, परक्या टेबलापासून दूर, पावसाळी समुद्र सोसावा लागला, त्यांच्या खात्यावर ती मांडली पाहिजे. सहलीस निघणाऱ्या कुटुंबांतील वडील माणसांनीं मुधोळकरांचें व खापर्ड्यांचें नांव मुलांस त्या बोटीवरच सांगावें, अशी आमची सूचना आहे.