अँडीज आणि बोरघाट

लखनऊहून कानपूरकडे निघालेल्या गाडीला थोड्याच वेळात मानक नगर हे लहानसे स्थानक लागते. मानक म्हणजे प्रमाण. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्था येथे आहे. १९३० साली स्थापन झालेले केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ साली निघालेले रेल्वेचे परीक्षण व संशोधन केंद्र ही दोन्ही १९५७ साली एकत्र करून ही संस्था निर्माण झाली. रूळ किती वजनाचा असावा, पुलाने किती भार सोसावा, उतारावर गाडी किती वेगाने सोडावी, अशा गोष्टींची प्रमाणे ठरविणे हे तिचे काम. प्रवाशाला या प्रमाणांचा पत्ताही नसतो. परंतु घाटातून रात्री गाडी खाली उतरत असता तो निर्धास्त झोपतो, तो त्यांच्याच भरवशावर.

ही प्रमाणे केवळ कागदावर गणित मांडून सिद्ध झालेली नाहीत. त्यांतील पुष्कळशी डोंगरांनी माणसाला शिकविली आहेत, आणि डोंगराची गुरुदक्षिणा नेहमीच जबर असते. श्रोतेहो, अशा दोन डोंगरांची हकीकत मला आज आपणांस सांगावयाची आहे. एक आपल्या चांगल्या परिचयाचा बोरघाट. दुसरा पृथ्वीच्या पार पलीकडे, पेरू देशाची राजधानी लिमा हिच्या पाठीशी उभा असलेला अँडीज.

लिमा शहर फ्रान्सिस्को पिसारो या स्पॅनिश सेनानीने १५३५ च्या जानेवारीत रिमाक नदीच्या काठी वसविले आणि त्याला ‘राजांचे नगर’ असे नाव दिले. पश्चिमेस पॅसिफिक महासागर आणि काय्याओ हे बंदर. पूर्वेस काही मैलांवर डोंगर सुरू होतात, ते थेट हिमरेषेपर्यंत चढत जातात. शहरात पाऊस जवळजवळ पडतच नाही. हिवाळ्यात महिनेच्या महिने करडे धुके मात्र पसरलेले असते. रिमाक नदीच्या खोऱ्याने वर जाऊ लागले, की हे धुके मागे पडते, स्वच्छ ऊन लागते आणि उघडे बोडके कडे दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. मुंबईहून पावसाळ्यात घाट चढणाऱ्याला याच्या नेमका उलटा अनुभव येतो. तो कोकणातून ढगांत शिरतो, आणि त्याचे कडे हिरवेगार असून त्यांवरून धबधबे कोसळत असतात. तरीही दोन्ही शहरांपुढील प्रश्न एकच होता. बंदर समुद्रकाठी, संपत्ती डोंगरापलीकडे, आणि मध्ये भिंत. मुंबईला दख्खनचा कापूस हवा होता, तर लिमेला अँडीजमधील रुपे आणि तांबे.

बोरघाटाचे काम आधी झाले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या योजनेनुसार १८५६ साली ते सुरू झाले. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा मार्ग खुला झाला, परंतु मधला घाट अपुराच होता. तेवढा टप्पा प्रवाशांनी पालखीत बसून किंवा पायी चढावा आणि वर गेल्यावर पुन्हा गाडीत बसावे, अशी व्यवस्था होती. सुमारे पंचवीस किलोमीटरांत १,८३१ फूट चढावयाचे, काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ, आणि पंचवीस बोगदे. काही कड्यांवर तर पाय ठेवण्यापुरतीही जागा नव्हती. तेथे माणसे दोरांनी खाली सोडून दगडाला पहिली खूण करावी लागे.

सर्वांत अवघड ठिकाणी बर्कलीने जी युक्ती योजिली, ती ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ या नावाने पुढे प्रसिद्ध झाली. सरळ चढत जावे तर पुढे कडा. वळावे तर वळणाला जागा नाही. म्हणून गाडी एका सपाट जागेत आणून थांबवावयाची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावयाचे आणि जिकडे गाडीची पाठ होती तिकडे तोंड करून दुसऱ्या बाजूने वर चढावयाचे. वर जाण्यासाठी आधी उलट फिरावयाचे, हे त्या काळच्या प्रवाशांना मोठे नवल वाटे. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली मात्र तो दिवस पाहावयास उरला नव्हता. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्याचे निधन झाले होते.

पेरूचे काम १८७० साली सुरू झाले. हेन्री मेग्ज हा अमेरिकन कंत्राटदार आणि अर्नेस्ट मालिनोव्स्की हा पोलिश अभियंता, हे त्याचे दोन मुख्य पुरुष. पैसा कोठून आला, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. पेरूच्या किनाऱ्याजवळील बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकांचे थर साचले होते. ‘ग्वानो’ नावाचे हे खत युरोपातील शेतीला विकून आणि त्याच्या तारणावर कर्जे काढून हा लोहमार्ग अँडीजवर चढू लागला. येथेही अभियंत्यांनी तीच युक्ती योजिली. सान बार्तोलोमे या स्थानकापासून गाडी कधी पुढे, कधी मागे, अशी नागमोडी चढत जाते. साठांहून अधिक बोगदे आणि सुमारे साठ पूल ओलांडून, समुद्रापासून अवघ्या १७० किलोमीटरांच्या आसपास ती गालेरा येथील बोगद्याशी ४,७८१ मीटर, म्हणजे साडेपंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर पोचते. तेथे प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने निम्म्याहून थोडाच अधिक. सकाळी लिमेत निघालेल्या प्रवाशाचे डोके दुपारी ठणकू लागते. या विकाराला तिकडे ‘सोरोचे’ म्हणतात. पुढे तिबेटचा लोहमार्ग २००६ साली ल्हासापर्यंत सुरू होईपर्यंत जगात याहून उंच प्रवासी गाडी कोठेही जात नव्हती.

हा मार्गही सुखासुखी पुरा झाला नाही. १८७६ साली पेरूचे सरकार कर्जफेड करण्यास असमर्थ ठरले, १८७७ साली मेग्ज लिमेत वारला, आणि १८७९ साली चिलीशी युद्ध पेटले. ओरोयापर्यंत गाडी पोचावयास १८९३ साल उजाडले.

उंची, लांबी, चढ, बोगदे यांचे आकडे आपणांस असे फुटाफुटाने सांगता येतात. हे ज्यांनी घडविले त्या माणसांविषयी मात्र इतिहासाने इतकी काटेकोर नोंद ठेवली नाही. बोरघाटात १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांवर स्त्रीपुरुष राबत होते. १८५९ च्या आरंभी मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणून तेथे मोठा दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. त्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यानंतर थोड्याच आठवड्यांत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने धीर न सोडता कंत्राट स्वतःच्या नावे चालविले आणि अभियंते नेमून ते तडीस नेले. हे नाव आपणांस ठाऊक आहे. पण ज्या पटकीच्या साथींनी मजुरांच्या झोपड्याच्या झोपड्या रित्या केल्या, त्यांत गेलेल्यांची नावे कोणाजवळ आहेत?

अँडीजमध्येही तेच झाले. तेथे चिली आणि पेरूचे मजूर होते, तसेच करारावर आणलेले चिनी मजूरही होते. आपले गिरमिटिये मॉरिशस आणि त्रिनिदादला गेले, त्याच काळात सुमारे एक लाख चिनी माणसे पेरूत आली होती. वेरुगास नावाच्या दरीवर पूल बांधला जात असता मजुरांत एक अज्ञात ताप पसरला. अंगातील रक्त आटून हजारो माणसे मेली. त्याला ‘ओरोया ताप’ असे नाव पडले. त्या खोऱ्यात अंगावर चामखिळींसारख्या लाल गाठी उठण्याचा एक जुना विकारही होता. हे दोन्ही रोग एकच आहेत की काय, याचा उलगडा होईना. १८८५ च्या ऑगस्टमध्ये लिमेतील दानिएल कारिऑन या अठ्ठावीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने एका रोग्याच्या गाठीतील रक्त स्वतःच्या दंडात टोचवून घेतले. त्याला तोच ताप आला, आणि ५ ऑक्टोबर रोजी तो मरण पावला. रोग एकच आहे, हे सिद्ध झाले. वेरुगासचा पूल आज कारिऑनच्या नावाने ओळखला जातो, आणि ५ ऑक्टोबर हा दिवस पेरूत वैद्यकदिन म्हणून पाळतात.

बोरघाटात असा कारिऑन नाही. परंतु शिंगरोबा आहे. घाटातील जुन्या रस्त्यावर त्याचे लहानसे देऊळ आहे. साहेबाला डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा गुरांच्या मागे हिंडणाऱ्या या धनगराने ती दाखविली आणि शेवटी त्याच्याच गोळीने तो मेला, अशी कथा सांगितली जाते. दप्तरात तिला आधार नसेल. तथापि वाटसरू तेथे थांबून हात जोडतात. ज्यांची नोंद ठेवली गेली नाही, त्यांच्यासाठी लोकांनी आपल्या परीने केलेली ती नोंदच होय.

१८६७ साली, घाट खुला होऊन चार वर्षे होतात न होतात तोच, घाटातील एक मोठा दगडी पूल ढासळला. बांधकामातील कच्चेपणा तेव्हा उघडकीस आला आणि साऱ्या मार्गावरील पुलांची कसून तपासणी करावी लागली. वेरुगासचा पहिला पूलही १८८९ च्या पुरात वाहून गेला. पुलाला पाया किती खोल हवा, चुना कसा हवा, पुराला वाट किती हवी, हे अशा आघातांतून निश्चित होत गेले. बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली विजेच्या गाड्या आल्या तेव्हा नव्या मार्गामुळे निकामी झाले. आता गाडी उलट न फिरता खंडाळ्याला चढते. घाटाच्या पायथ्याशी कर्जतला मात्र मागून जोर देणारी इंजिने अजूनही जोडली जातात आणि उतारावर ब्रेकची परीक्षा झाल्यावाचून गाडी सुटत नाही.

मानक नगरच्या कार्यालयात जी प्रमाणे छापली जातात, त्यांच्या पानांवर कोणाही मजुराचे नाव नसते, आणि तसे असण्याची पद्धतही नाही. पण प्रमाण म्हणजे तरी काय? जे एकदा घडले ते पुन्हा घडू नये, म्हणून केलेला निश्चय. तो निश्चय पाळणे, ही त्या अनाम माणसांची आठवण ठेवण्याची सर्वांत खरी रीत होय.