वयाचा हिशेब आणि कुलवृत्तान्त

आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतील तरुण मंडळी अलीकडे आपापल्या कुळाची वंशावळ संगणकावर उतरवू लागली आहेत, ही मोठ्या संतोषाची गोष्ट होय. जुन्या चोपड्या, जन्मपत्रिका आणि पेटीत जपलेली टिपणे यांना त्यामुळे नवे आयुष्य लाभत आहे. परंतु संगणकाचा एक स्वभाव ध्यानी ठेविला पाहिजे. जन्माची व मृत्यूची तारीख दिली की तो क्षणार्धात वय सांगतो. ती तारीख कोणत्या गणनेतली, खरी की अंदाजाची, हे मात्र तो आपण होऊन विचारीत नाही. ते विचारणे आपले काम आहे. त्याविषयी चार गोष्टी येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिली गोष्ट चालू वर्षाची. आपल्या वडीलधाऱ्यांची वय सांगण्याची रीत चालू वर्षाची होती. ‘मुलास आठवे लागले’ म्हणजे सात वर्षे पुरी झाली. इंग्रजी रीतीत पुरी झालेली वर्षे तेवढी मोजतात, आणि संगणकही त्याच रीतीने चालतो. म्हणून ‘बहात्तराव्या वर्षी वारले’ असे चोपडीत आढळल्यास यंत्रात ७१ हा आकडा गेला पाहिजे. येथे एका वर्षाचा फरक पडला की जन्मसाल मागे सरकते, आणि पाठच्या भावंडांचा क्रमही डळमळू लागतो.

दुसरी गोष्ट शकाची. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलते, म्हणून तेथून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. छत्रपती शिवाजी महाराजांचेच उदाहरण घ्या. जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३. निधन शके १६०२, चैत्र शुद्ध १५. नुसत्या शकांची वजाबाकी केली तर ५१ येतात. पण फाल्गुन हा वर्षाचा शेवटचा मास आणि चैत्र पहिला. म्हणून तिथीने मोजता ५० वर्षे व २७ तिथी एवढेच आयुष्य भरते. तारखांनी, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० पासून ३ एप्रिल १६८० पर्यंत मोजले, तर ५० वर्षे व ४४ दिवस होतात. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. चांद्रवर्षाची सौरवर्षाशी सांगड अधिक मासाने घातली जाते, त्यामुळे तिथीचा वाढदिवस तारखेच्या मागेपुढे हालत राहतो. शिवाय १९ फेब्रुवारी ही जुन्या जुलियन गणनेतील तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेत तोच शुक्रवार १ मार्च १६३० ठरतो.

ही तिथी ठरली कशी, हेही मनन करण्याजोगे आहे. फार काळ शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हेच महाराजांचे जन्मवर्ष सर्वत्र मानले जात असे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि विचारास नवी दिशा मिळाली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तील तिथीही तिच्याशी जुळली. पुष्कळ वर्षे वाद चालून २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. एका घराण्याने शक, मास, तिथी व वार जपून ठेविले, म्हणून इतिहासास पडताळा घेता आला. कुळाच्या कागदांचे मोल केवढे, ते यावरून कळावे.

तिसरी गोष्ट दिवसाची. पंचांगाचा वार सूर्योदयापासून चालतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पहाटे तीन वाजता जन्मलेल्या मुलीच्या पत्रिकेत मंगळवार आणि दाखल्यावर बुधवारची तारीख असली, तर त्यात कोणाचीही चूक नाही.

चौथी गोष्ट आम्हां शिक्षकांच्या व्यवसायाशी निगडित आहे. पूर्वी मुलास शाळेत घालावयास आलेल्या बापास पुष्कळदा जन्मतारीख ठाऊक नसे. ‘दुष्काळाच्या साली’ किंवा ‘आगोटीच्या सुमारास’ एवढेच तो सांगे. रजिस्टरातील रकाना तर भरावाच लागे. शाळा जूनमध्ये उघडत, म्हणून प्रवेशापुरते वय भरेल अशी १ जून ही तारीख ठिकठिकाणी घातली गेली. नोकरी आणि निवृत्ती तिच्यावरच पार पडली. सरकारी कामास ती पुरेशी होती. पण एकाच मातेची चार मुले चार निरनिराळ्या सालांच्या १ जूनलाच जन्मली असे वंशावळीत दिसले, तर वाचणारा शेजारच्या खऱ्या तारखांवरही विश्वास ठेवणार नाही. ज्या आज्या-पणज्या शाळेतच गेल्या नाहीत, त्यांची तेवढीही नोंद नाही. त्यांच्या श्राद्धाची तिथी घरास ठाऊक असते, साल मात्र ठाऊक नसते.

यावर उपाय अवघड नाही. वंशावळीची माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी ‘गेडकॉम’ नावाची मांडणी जगभर वापरतात. तिच्या २०२१ च्या ७.० या आवृत्तीत ग्रेगोरियन, जुलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतिकालीन अशा चार कालगणना सांगितल्या आहेत. शालिवाहन शक त्यांत नाही. परंतु तारखेसोबत मूळ शब्द जसेच्या तसे लिहिण्याची सोय तीत आहे, आणि ‘सुमारे’, ‘पूर्वी’, ‘नंतर’, ‘अमुक ते अमुक यांच्या दरम्यान’ असे लिहिण्याचीही आहे. तेव्हा प्रथम मूळ नोंद अक्षरशः उतरवावी, मग रूपांतरित तारीख द्यावी, आणि ती पत्रिकेवरून, शाळेच्या दाखल्यावरून की आठवणीवरून घेतली, हेही लिहावे. जन्म १९०२ व मृत्यू १९५० एवढेच ठाऊक असेल, तर वय ४७ किंवा ४८ असे दोन्ही आकडे संभवतात. त्यांपैकी एक निश्चित म्हणून छापू नये.

‘सुमारे’ हा शब्द लिहिण्यात कमीपणा नाही. न कळणारे कळल्यासारखे दाखविण्यात मात्र पूर्वजांची प्रतारणा आहे. कागद कपाटात थांबतात, माणसे थांबत नाहीत. कोण कोणापेक्षा किती पावसाळ्यांनी थोर, हे सांगू शकणारी वृद्ध मंडळी आज आपल्या घरांत आहेत. यंत्रापुढे बसण्यापूर्वी घटकाभर त्यांच्यापुढे बसावे, आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे, एवढीच सर्व ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे.